लवंगेची बाटली

३ डिसेंबर

संध्याकाळी धुळ्याच्या दवाखान्यातून जळगावला परत. एस.टी.त पारोळ्यापर्यंत उभी, मग एका बाईनं पोराला मांडीवर घेऊन जागा करून दिली. पर्समध्ये चार बाटल्या, कापसात गुंडाळलेल्या. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. रोज सकाळी आणि संध्याकाळी एकेक नाकाशी धरायची, डोळे मिटायचे आणि तो वास आठवायचा. नुसतं हुंगून उपयोग नाही, आठवायला हवं. नाकाच्या आतल्या नसा पुन्हा फुटू शकतात, पण मेंदूला जुनी ओळख पटवून द्यावी लागते. डॉ. मॅडम लहान आहेत, माझ्या लेकीच्या, मंजूच्याच वयाच्या. छान समजावून सांगतात.

मग दुसरं सांगितलं. हा अभ्यास आहे. काही जणांना खऱ्या बाटल्या, काही जणांना नुसतं बिनवासाचं तेल. कुणाला काय दिलंय ते मॅडमनाही माहीत नाही.

‘मग मला कसं कळणार?’

‘नाही कळणार, मावशी. म्हणून तर तुमच्यासारखे पेशंट लागतात.’

एकच अट जोर देऊन घातली. घरातल्या कुणालाही बाटली हुंगू द्यायची नाही. कुणी बोलून गेलं की माझं मन त्या बाजूला झुकणार, अभ्यास वाया. वचन दिलं. सिस्टर फिलोमिनांच्या शाळेत शिकलेली मुलगी वचन मोडत नाही, असं म्हणणार होते. म्हटलं नाही. पंचाहत्तर टक्के केस पांढरे असलेल्या बाईनं स्वतःला मुलगी म्हणू नये.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, ‘आणलं का अत्तर?’

८ डिसें.

सकाळ-संध्याकाळ, नेमानं. काही नाही.

निलगिरीची बाटली धरली की नाकात थोडं झोंबतं. मॅडमनी आधीच बजावलंय, झोंबणं म्हणजे वास नव्हे. ती नसच वेगळी. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येतं ना, तसं. पण झोंबलं की शाळेतला दवाखाना दिसतो. लोखंडी खाट, पांढरा जाळीचा पडदा, सिस्टरच्या हातातला निलगिरीचा रुमाल. सर्दी झाली की त्या स्वतः पेटीकोटच्या गळ्याशी तो पिनेनं अडकवायच्या. पडदा दिसतो, पीन दिसते. वास तेवढा नाही. सगळं घर उभं आहे आणि आत माणूस नाही, असं.

गेल्या वर्षीचा तो ताप. आला, गेला, जाताना नाक घेऊन गेला.

दुपारी हे हॉलमधून ओरडले, ‘अगं, दूध करपलं!’ धावले. गॅसवर काहीच नव्हतं. दूध फ्रिजमध्ये. हे सोफ्यावर पोट धरून हसत. ‘बघत होतो, कळतंय का.’

कळलं की.

१५ डिसें.

मंजूचा फोन. आधी इकडचं तिकडचं. पाय सुजतात, डॉक्टरीण चांगली आहे, तिच्या नितीनला रजा नाही. मग म्हणाली, ‘आई, सासूबाईंना बोलायचंय तुझ्याशी.’

निर्मलाबाई. धुळ्याच्या आमच्या विहीणबाई. आवाज असा की साखर पेरल्यासारखा.

‘ताई, बाळंतपणाचं म्हणत होते. पहिलं आहे, माहेरीच व्हायला हवं, मी कोण नाही म्हणणार? पण तुमचं ते नाकाचं. मागे तुमच्याकडे गॅस चालू राहिला होता म्हणे. शेजारणीला वास आला म्हणून.’

हे तिला कुणी सांगितलं? मंजूनंच, अजून कोण.

मी म्हटलं, आता आम्ही गॅसचा अलार्म बसवलाय. (तो फोडणीलाही वाजतो, हे नाही सांगितलं.)

‘अलार्म गॅसचा हो. बाजेखाली शेगडी ठेवणार ना सव्वा महिना? ओवा-शेपाची धुरी देणार? गोधडीचं टोक निखाऱ्यावर पडलं तर अलार्म सांगणार का? तिथे बाईचं नाकच लागतं.’

‘शेगडी नाही ठेवणार. गरम पाण्याचा शेक देईन. डॉक्टरीणही तेच म्हणते.’

‘म्हणजे तुमच्या नाकापायी माझ्या सुनेनं अंगात वारं भरून घ्यायचं?’

ती खोटं बोलत नव्हती, हेच वाईट. मंजूच्या वेळी माझ्या आईनं बाजेशी बसून सगळे दिवस काढले. विणत बसायची. एकदा विणणं टाकून ताडकन उठली आणि गोधडी उचलली. कोपरा नुकता तपकिरी होत होता, धूरही नव्हता. मला काहीच कळलं नव्हतं. ती म्हणाली, ‘कापूस जळला की गोड वास येतो.’ परत विणायला बसली.

माझी लेक इथे येणार की नाही, ते माझ्या नाकावर ठरणार.

२२ डिसें.

ह्यांच्या मित्राच्या शेतात भरीत पार्टी, नशिराबादच्या अलीकडे. दरवर्षीचीच. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती. पूर्वी फाट्यावर उतरलं की वासावर चालत जायचं, कुणाला पत्ता विचारावा लागायचा नाही. आज ह्यांच्या पाठीमागे चालत गेले.

भरीत तोंडात घातलं. कोमट, मऊ, तिखट. ओलं वर्तमानपत्र खाल्लं तरी तसंच लागेल.

हे सगळ्यांसमोर, ‘हिला काहीही वाढा रे. हिला सगळं सारखंच. स्वस्तातली बायको.’ हशा. एक वहिनी म्हणाल्या, ‘बरंय बाई, नवऱ्याच्या मोज्यांचा त्रास नाही.’ आणखी हशा. मीही हसले. न हसून कुठे जाणार, गाडी ह्यांचीच.

परतताना हे म्हणाले, ‘मनावर घेतलंस का?’

‘नाही.’

‘मग बरं.’

इतक्या वर्षांत ह्यांनी कधी हात उगारला नाही. लोक म्हणतात, चांगला माणूस आहे. आहेच.

५ जाने.

आज सकाळी लवंग.

तिसरी बाटली. डोळे मिटून नेहमीप्रमाणे आईचा मसाल्याचा डबा आठवत होते. पितळी, आत सात वाट्या, लवंगेच्या वाटीत कायम एक वेलदोडा चुकून पडलेला. आणि एकदम आला. झोंबणं नव्हे. गोडसर, काळपट, लाकडी. क्षणभर. परत हुंगलं, नाही. परत, नाही. मग चौथ्या वेळी पुन्हा, अगदी पुसट.

स्वयंपाकघरात जाऊन डबा उघडावासा वाटला, खरी लवंग घ्यावी, पडताळून बघावं. उघडला नाही. मॅडम म्हणाल्यात, बाटल्यांशिवाय मुद्दाम दुसरे वास घेत बसू नका. आणि दुसरं कारण इथे लिहायला हरकत नाही. भीती.

ह्यांना सांगितलं. पेपर खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं, म्हणाले, ‘खरंच?’ आवाज वेगळाच होता. चहा त्यांनी केला आज. साखर विसरले.

९ जाने.

मंजूला सांगितलं. ती फोनवर रडली. ‘मग मी येते, आई. फेब्रुवारीत येते. मला इथे नाही राहायचं गं. रात्रंदिवस सांगतात हे खाऊ नको, तिकडे बघू नको. मला तुझ्या खोलीत झोपायचंय.’

विहीणबाईंनी फोन घेतला. ‘अरे वा. लवंग का? बघू की.’

बघू की, म्हणजे काय?

डिंक आणायला सांगितला. मेथी, खारीक. जुनी पातळं कपाटातून काढली, मऊ झालीयत, दुपटी होतील. पहिलं बाळ घरी येणार. बाळाच्या टाळूचा वास. मंजूच्या टाळूला दूध-हळदीचा यायचा, तेल जिरवताना मी उगीच वाकून बसायचे. या बाळाचा मला मिळेल. एवढंच मागणं.

२६ जाने.

धुळे. मंजूचं डोहाळजेवण. हिरवी साडी, फुलांचा मुकुट, फुलांच्या बांगड्या. माझं पोर किती सुंदर दिसत होतं, आणि किती दमलेलं.

ओटी झाली, झोपाळा झाला, वाटीखालची बर्फी-पेढ्याची गंमत झाली. मग वि. (‘विहीणबाई’ असं पूर्ण लिहायला नको वाटतं आज) उठल्या. ‘आता आपल्या जळगावच्या ताईंचा खेळ. ताईंचं नाक परत आलंय बरं का!’ टाळ्या. कुणीतरी मागून माझ्या डोळ्यांवर ओढणी बांधली. मी नाही नाही म्हणत होते, पण हसत. बायकांत बसलं की हसतच नाही म्हणावं लागतं.

पहिलं नाकाशी आलं. मी खूप आठवलं. म्हटलं, ‘लवंग.’

हशा. हिंग होता.

‘असू दे, असू दे, एक संधी आणखी. हे सोपं आहे, ताई. सगळ्यांनी माळलंय.’

मी नाक पुढे केलं. खोल घेतला. म्हटलं, ‘निशिगंध?’

असा हशा उसळला की झोपाळ्याच्या कड्या वाजल्या. ओढणी काढली. वि.च्या हातात चप्पल होती. बाथरूममधली, रबराची, ओली.

‘गंमत हो, ताई! राग नका मानू. बठ्ठा धुळाले माहीत शे, तुम्हना नाकलेच माहीत नही!’ सगळ्या धुळ्याला माहीत, माझ्या नाकालाच नाही.

मी मंजूकडे बघितलं. ती झोपाळ्यावर, फुलांच्या बांगड्यांचा हात तोंडावर. हसत होती. आवरत होती, पण हसत होती. माझ्याशी नजर भिडली आणि थांबली.

जेवणात शेवभाजी होती. दोनदा वाढून घेतली. कुणाला वाटायला नको.

२७ जाने.

परतीची एस.टी. एरंडोलपर्यंत खिडकीतून बघत होते. मंजूचा मेसेज, ‘सॉरी आई. सगळे हसले म्हणून.’

सगळे हसले म्हणून.

शाळेत एकदा मुलींनी आल्फान्सो नावाच्या तोतऱ्या मुलीला बाकावर उभं करून कविता म्हणायला लावली होती. सिस्टर फिलोमिना दारात येऊन उभ्या राहिल्या, काही बोलल्या नाहीत, आल्फान्सोचा हात धरून तिला बाहेर नेलं. काल कुणीच दारात आलं नाही.

उत्तर पाठवलं, ‘काही नाही गं. काळजी घे.’

१० फेब्रु.

धुळे, तपासणी. रांगेत पुढे एक मिठाईवाले होते, त्यांना तूप खवट झालेलं कळत नाही, मुलानं गल्ल्यावरून उठवून घरी बसवलंय. कुणाला काही सांगायची सोयच नाही, म्हणाले. वास येत नाही म्हटलं की लोक हसतात. आंधळ्याला हसत नाहीत.

मॅडमनी नाकाशी एकामागून एक वासाच्या कांड्या धरल्या, मी ओळखत गेले. किती बरोबर, सांगितलं नाही.

मी विनवलं. अगदी हात जोडले. ‘लेकीचं पहिलं बाळंतपण आहे. बाटल्या खऱ्या आहेत का एवढंच सांगा.’

‘मावशी, शपथ घेऊन सांगते, मलाही माहीत नाही. अभ्यास संपल्यावर उघडणार.’

‘कधी?’

‘मे-जूनमध्ये. आणि तुम्हाला नुसतं तेल मिळालं असेल, तर तेव्हा खऱ्या बाटल्या देऊ. कुणाचं नुकसान होणार नाही.’

तोपर्यंत बाळ हसायला लागलं असेल.

लवंगेचा प्रसंग सांगितला. त्यांनी मान हलवली. असं होतं म्हणाल्या. नसा फुटत असल्या की होतं. आणि खूप मनापासून आठवलं तरी होतं. दोन्ही.

‘मग फरक कसा ओळखायचा?’

‘एकट्या तुमच्यावरून नाही ओळखता येत. सगळ्यांचं एकत्र करूनच कळतं.’

त्यांचं बरोबर आहे. उद्या कुणाच्या तरी आईला उपयोग होईल. होऊ दे. माझी मंजू मात्र एकच आहे, ती सगळ्यांत एकत्र करता येत नाही.

उठताना एक गोष्ट आणखी सांगितली. वास परत येताना कधी वाकडा येतो. कॉफीला जळका, फुलांना कुजका. किंवा काही नसताना जळाल्यासारखा. घाबरू नका म्हणाल्या.

२० फेब्रु.

मंजू आली! विहीणबाई स्वतः सोडायला. गाडीतून उतरल्यापासून घर बघत होत्या. सिलिंडर कुठे, नळी किती जुनी, बाज कुठे टाकणार. सासूनं नवीन सुनेचं घर बघावं तसं. मी या वयात सून.

चहा करायला आत गेले. बाहेर आले तर वि. माझ्या खोलीत. चारही बाटल्यांची झाकणं टेबलावर. लवंगेची बाटली नाकाशी.

‘अहो, ती नाही हुंगायची! डॉक्टरांना वचन दिलंय मी!’

‘अय्या, हो का? मला वाटलं औषध कसलं आहे ते बघावं.’ शांतपणे एकेक झाकण लावलं. चहा प्यायल्या. चिवड्याचं कौतुक केलं. पायरीवर चप्पल घालताना म्हणाल्या, ‘ताई, तुम्हाला यातला लवंगेचा वास येतो ना? नक्की?’

‘हो.’

‘मग चांगलंय.’

आणि हसल्या. डोहाळजेवणात हसल्या होत्या त्यापेक्षा कितीतरी हळू.

२४ फेब्रु.

वि.चा फोन, मंजू अंघोळीला गेली असताना.

‘ताई, मला आता माहीत आहे त्या बाटल्यांत काय आहे ते. पण तुम्ही डॉक्टरला वचन दिलंय म्हणता, मग मी कशी सांगू? पाप नको मला. तुम्ही विचारलंत तर सांगेन. विचारता?’

मी फोन कानाशी धरून उभी. आत नळ चालू होता.

‘नाही विचारत ना? बरं. मग असं करा, मंजूला ठेवायचं का पाठवायचं तेही तुम्हीच ठरवा. मी काही बोलणार नाही. उद्या काही झालं तर सुनेची आई म्हणाली म्हणून ठेवली, असं होईल. येता सोडून पुढच्या रविवारी गाडी पाठवते. तुम्ही म्हणाल तसं.’

तिनं सगळं माझ्या ओटीत घातलं. नारळासकट.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, ‘ती बाई खोटारडी आहे. काही नसेल कळलं तिला, नुसती खेळवतेय.’ मग थोडं थांबून, ‘मी हुंगून बघू?’

‘नको.’

‘का?’

वचन, म्हटलं. ते हसले नाहीत. मला वाटलं होतं हसतील.

२५ फेब्रु.

शेवटी मसाल्याचा डबा उघडला. मंजू झोपली होती. तळहातावर लवंगा चुरडल्या, नाकाशी धरल्या. झोंबलं. त्यामागे काही होतं का? होतं असं वाटलं. मग नव्हतं. एक चावली, जीभ बधिर. बधिर जिभेनं तशीच उभी राहिले.

हे मागून आले. ‘काय करतेयस?’

‘दात दुखतोय.’

‘दवाखान्यात जाऊ या मग.’

माझ्या दाताची त्यांना लगेच काळजी वाटली. दाताला कुणी हसत नाही.

२ मार्च

काय लिहू.

दुपारी मंजू आडवी पडली होती, मी पायांना तेल चोळत होते. ती पोटातल्या पोराशी काहीतरी बोलत होती, अर्धवट झोपेत. सुखाची वेळ होती. आणि जळाल्याचा वास आला. भक्कन. कापूस जळतो तसा, आईनं सांगितला होता तसा गोड.

मी तिला ओढलं. खरोखर दंडाला धरून ओढलं, आठव्या-नवव्या महिन्यातल्या पोरीला. ‘ऊठ, बाहेर चल, पेटलंय.’ ती पायऱ्यांवर घसरली, कठडा धरला म्हणून वाचली. अनवाणी रस्त्यावर आम्ही दोघी. शेजारची माणसं आली. ह्यांनी आत जाऊन सगळं बघितलं. गॅस बंद. देवाजवळ दिवासुद्धा नाही. अलार्म गप्प.

‘काही नाही,’ हे दारातून म्हणाले. ‘काहीच जळलेलं नाही.’

‘मला वास आला.’

‘तुला?’ शेजारचा माणूस म्हणाला. मग जीभ चावली त्यानं.

मंजू पोटावर हात ठेवून पायरीवर बसलेली. पांढरी फटक. डॉक्टरिणीकडे नेलं, बाळ ठीक आहे. येताना गाडीत ती माझ्याकडे बघत नव्हती. ती चिडली असती तर चाललं असतं. ती जपून बसली होती, माझ्यापासून हातभर लांब, भरलेलं भांडं घेऊन बसतात तशी.

मॅडमना फोन केला. म्हणाल्या, असं होऊ शकतं, कदाचित चांगलंच लक्षण. कदाचित म्हणजे? कदाचित म्हणजे कदाचित, मावशी.

४ मार्च

वि.ला कळलंय. कुणी सांगितलं, विचारत नाही मी. मेसेज आला, हात जोडलेली दोन चित्रं आणि खाली, ‘रविवारी गाडी येते आहे. तुमचा निर्णय.’

हे म्हणतात, पाठव. म्हणतात, तिच्यासाठी म्हणत नाही, तुझ्यासाठी म्हणतो. तुला झोप नाही. रात्रीतून उठून सिलिंडर हुंगतेस, तुला वाटतं मला कळत नाही? तो हुंगून तुला काय कळणार आहे?

पहिल्यांदाच यात थट्टा नव्हती. थट्टा असती तर बरं.

मंजू म्हणते, ‘मी नाही जाणार. मला तुझ्याजवळच राहायचंय.’ म्हणते आणि तेव्हाही हात कठड्यावर असतो.

८ मार्च

आज ठरवून वचन मोडलं.

संध्याकाळी हे बाहेर गेल्यावर मंजूला माझ्या खोलीत बसवलं. या दिवसांत तिचं नाक कसं आहे ते मला माहीत आहे. खालच्या मजल्यावर कुणी लसूण सोलला तरी वरून खिडकी लावून घेते. एक बाटली उघडली, झाकण माझ्या मुठीत ठेवलं, बाटलीवरची चिठ्ठी अंगठ्याखाली.

‘वास घे. आणि मला खरं सांग.’

‘आई, तू वचन दिलं होतंस ना?’

‘दिलं होतं. घे.’

तिनं घेतला. डोळे मिटले. मी करते तसेच. बराच वेळ बाटली नाकाशी होती. तिच्या चेहऱ्याकडे मी इतकं एकटक कधी बघितलं नव्हतं, ती तान्ही असतानाही नाही. नाकपुड्या हलल्या, थांबल्या, परत हलल्या. मग तिनं डोळे उघडले आणि हसली. लहानपणी परीक्षेहून आली की हसायची तशी.

‘लवंग, आई. चांगला घमघमीत येतोय. सासूबाई खोटं बोलतात.’ माझा हात धरला. ‘म्हणजे तुझं नाक येतंय परत. कळलं ना? मी कुठे जात नाही आता.’

मी बाटली बंद केली. तिनं मला मिठी मारली, पोटामुळे नीट मारता येईना, तरी मारली. बाळ हललं ते मला माझ्या पोटाशी जाणवलं.

बाटली लिंबाची होती.

९ मार्च, रविवार

गाडी आली आहे. वि. स्वतः आल्यात. खाली हॉलमध्ये चहा चालू आहे. मी वर मंजूची शाल आणते म्हणून आले आणि हे लिहितेय.

मंजूनं खालीच जाहीर केलंय. ‘आईच्या बाटल्या खऱ्या आहेत. मी स्वतः वास घेतला काल.’ वि.नी कप ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना माहीत आहे. मला माहीत आहे हेही त्यांना कळलं. मंजू सोडली तर एवढ्या माणसांत आम्ही दोघीच जणी खरं जाणणाऱ्या, आणि दोघीही गप्प. ‘मग, ताई?’ एवढंच म्हणाल्या. ‘तुम्ही सांगा. शेगडी इथे पेटवायची का तिथे?’

मंजूची बॅग जिन्याच्या पायथ्याशी आहे. बंद आहे, पण भरलेली आहे. कधी भरली, माहीत नाही. मला राहायचंय म्हणते आणि बॅग भरून ठेवते. माझ्यासाठी खोटं बोलते आणि त्या खोट्यावर विश्वास ठेवत नाही. कुणासारखी आहे ही पोर?

त्या दिवशीचा तो जळका वास. तो खरा होता. बाटल्या बिनवासाच्या असतील, पण तो वास मी आठवून आणला नव्हता, मी त्या वेळी कसलाच विचार करत नव्हते. मॅडम ‘कदाचित’ म्हणाल्या. कदाचितच्या जोरावर तान्हं बाळ निखाऱ्यांजवळ ठेवता येतं का? आणि लेकीला त्या चपलेच्या घरात पाठवता येतं का?

खालून हे हाक मारताहेत. ‘अगं, शाल सापडली का?’

शाल हातातच आहे. नाकाशी धरून बघितली. मंजूची, कालपासून अंगावर होती.

आता मंजू हाक मारतेय. ‘आई, ये ना खाली. सगळे थांबलेत.’

जाते. जिना उतरेपर्यंत काय ते ठरवायचं.